मिक्सिंगवालीच्या मागची खुर्ची

मंजुषाच्या कामाच्या खोलीत कंप्युटरसमोर एकच खुर्ची होती आणि ती तिची स्वतःची होती. पूर्वी तिच्या मागे, भिंतीला लागून आणखी एक असायची. ती तिनं उचलून आतल्या खोलीत नेली, तिच्यावर सासूबाईंनी ज्वारीचं पोतं ठेवलं, आणि तो विषय कायमचा मिटला असं मंजुषाला वाटलं.

पोखर्णीत आणि आजूबाजूच्या गावांत तिला सगळे मिक्सिंगवाली म्हणत. लग्नाची शूटिंग करणारे वेगळे. त्यांनी दिवसभर कॅमेरा फिरवून जो ढीग जमवलेला असतो, तो कापून, जोडून, त्याला गाणी लावून बघण्यासारखा पिक्चर करायचा, याला इकडं मिक्सिंग म्हणतात. ‘व्हिडिओ एडिटर’ हे शब्द तिनं फक्त आपल्या कार्डावर छापले होते. कार्ड घेणारा माणूस ते उलटून पालटून बघायचा आणि विचारायचा, “म्हंजी मिक्सिंगच ना?” मग ती निमूट हो म्हणायची. नोकरी नाही, दुकान नाही. घरातली एक खोली, नवऱ्यानं, भागवतनं हौसेनं घेऊन दिलेला कंप्युटर आणि परभणी-गंगाखेडच्या फोटोग्राफर लोकांचा विश्वास, एवढ्यावर तिचं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

खुर्ची हलवायला कारणं होती. मिक्सिंग चालू असताना लग्नघरची माणसं मागे येऊन बसायची ही इकडची जुनी पद्धत. एका नवरदेवाच्या मावशीला प्रत्येक ठिकाणी स्वतःला थोडं गोरं करून हवं होतं. एका वरबापाला आहेराचा एकूण एक टॉवेल आणि एकूण एक टोपी दिसायला हवी होती, आणि तो बाप टोप्या ओळखीत बसला होता. एक जावईबापू जेवून येऊन खुर्चीत घोरायचे, मध्येच जागे व्हायचे आणि ‘ते मघाचं परत दाखवा’ म्हणायचे. शेवटी एका घरचे दोन साडू तिच्या पाठीमागेच एकमेकांच्या अंगावर धावून गेले, कारण पिक्चरमध्ये एकाचा सत्कार आधी आला होता. त्या दिवशी मंजुषानं हात टेकले. पुण्याचे एक मास्तर फोनवरून एडिटिंगची शिकवणी घ्यायचे, त्यांनी सांगितलं होतं की काम चालू असताना गिऱ्हाईक मागे बसता कामा नये. तिनं ते शब्दशः घेतलं.

पुढं ती स्वतःच मास्तरीण झाली. मानवत, पाथरी, जिंतूर, सेलूकडची मिक्सिंग करणारी पोरं फोनवरच्या एका ग्रुपात जमली होती आणि अडलं नडलं की तिला विचारायची. ती आवाजात निरोप टाकायची, जरा ठसक्यात. काम घेतानाच सगळं बोलून घ्या, नंतर तोंड वाकडं करू नका. दुरुस्त्या किती करून देणार ते आधी सांगा. घरच्यांनी पिक्चर बघून ठीक आहे म्हणेपर्यंत मूळ शूटिंग पुसू नका. रडणारा चेहरा सापडला की सोडू नका, मग तो कुणाचाही असो. आणि मागे खुर्ची ठेवू नका. पोरं हात जोडल्याची चित्रं पाठवायची आणि मंजुषाला दिवसभर बरं वाटायचं.

सासूबाई तानुबाईंना मात्र हे पटलं नव्हतं. “लोकाच्या लेकीचं लगीन, आन् लोकांनीच बाहीर बसायचं व्हय गं?” असं म्हणून त्या आलेल्या माणसाला ओट्यावर बसवायच्या आणि जरा जास्तच गोड चहा द्यायच्या.

राणीसावरगावच्या दैवशालाबाईही अशाच ओट्यावर बसल्या. रोहिण्या सरत आल्या होत्या आणि गंगाखेडहून आलेल्या एसटीतून त्या घामाघूम होऊन उतरल्या होत्या. घरी थोडी कोरडवाहू जमीन; दसरा झाला की नवरा-बायको टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे. लग्नं, दवाखाने, भांडणं, सगळं मधल्या दिवसांत उरकायचं. थोरली लेक राजेश्री हिचं लग्न त्यांनी वैशाखात गावातच मांडव घालून लावलं होतं. शूटिंग केली होती गंगाखेडच्या सिद्धोधननं आणि मिक्सिंग मंजुषाकडं आलं होतं.

“ताई, एक इनंती हाय,” दैवशालाबाई म्हणाल्या. “त्यात भटजी माईकवरून मामाला हाका मारत्यात. तेवढं कापून टाका.”

मंजुषाला प्रश्न पडला. नवरीला मांडवात घेऊन यायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं हा मामाचा मान. ते कुणी कापायला सांगत नाही.

“मामा आले नव्हते का, मावशी?”

“न्हाई आला.” बाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. “वैजीनाथ. पाठचा भाऊ हाय माझा. ह्या कडेवर खेळवलाय त्याला. गेल्या साली ह्यांची तब्येत बिघडली आन् हा ऐन टायमाला आमची टोळी सोडून दुसऱ्या मुकादमाकडं गेला. मग मी बी बोलले त्याला. रागात माणूस बोलतंयच की. पर पत्रिका पाठवली होती मी. बहीण बोलली मनून काय भाचीच्या लग्नाला येऊ न्हाई का?”

तानुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली.

“भटजी हाका मारायलेत, समदा मांडव माझ्या तोंडाकडं बगायलाय. लय बेइज्जत झाली बगा. शेवटी किशनराव भावजींला उभं केलं, आमच्या दिराला. आता ते पोरीच्या सासरी टीव्हीवर लावणार, आन् परत परत तेच. नको. माय-बाप तर कवाच गेले, एक भाऊ होता, त्यो बी गेला असं धरले मी. दसऱ्याला त्याची टोळी एकीकडं, आमची एकीकडं. माहेर सरलं माझं.”

हे त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या. चाळिशीच्या बाईनं माहेर सरलं म्हणावं आणि पदरानं घाम पुसावा, याचं मंजुषाला फार वाईट वाटलं. हवं तसं कापून देते, काळजी करू नका, असं ती म्हणाली.

जाता जाता दैवशालाबाईंनी पिशवीतून एक फोटो काढला. वारलेल्या सासऱ्यांचा, फेटा बांधलेला. “हे ढगात घालता का? समदेच घालायलेत आजकाल.”

हे एक मंजुषाच्या कपाळी लिहिलेलंच होतं. कुणी गेलेलं माणूस असलं की ते ढगात उभं करायचं, हात वर करायला लावायचा आणि हातातून फुलं पाडायची नवरा-नवरीच्या डोक्यावर. तिला स्वतःला ते मुळीच आवडायचं नाही, पण तिच्याएवढं सफाईनं ते करणारं जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं, आणि याचा तिला थोडा गर्वही होता. तिनं फोटो ठेवून घेतला.

काम हातात घ्यायला पोळा आला. मामाला हाका मारण्याचा भाग तिनं सगळ्यात आधी कापला. तसाही तो टाकाऊच होता. भटजी माईकवरून ओरडतायत, लोक माना वळवून शोधतायत, आणि सिद्धोधनचा कॅमेराही गर्दीवरून नुसता भिरभिरतोय. असल्या हलत्या चित्राला ती दोनदा बघतही नसे. पुढं अक्षतांपाशी मात्र तिला एक माणूस सापडला. मांडवाच्या कनातीबाहेर, उन्हात उभा. चेहरा रापलेला, खांद्यावर नवा टॉवेल. मुठीत अक्षता धरून उभा, सगळे टाकतायत तरी हा टाकत नाही. शेवटचं मंगलाष्टक झालं तशी मूठ उघडली आणि डोळे भरून आले. ‘वा!’ मंजुषा स्वतःशीच म्हणाली. चेहरा कुणाचाही असो, सोडायचा नाही. तो जानवशाच्या बाजूला उभा होता म्हणून तिनं त्याला नवरदेवाकडच्या पाहुण्यांत घातला, चित्राची चाल संथ केली आणि खाली सनई सोडली. त्यानंतर लगेच ढगातले सासरे. तिला आपलं काम फार आवडलं. पिक्चर राणीसावरगावला गेला तोवर गणपती बसले होते.

गणपती उठले आणि दैवशालाबाई पुन्हा दारात हजर. या वेळी ओट्यावर टेकल्या नाहीत.

“कुनी सांगितलं तुला?” त्यांनी उभ्या उभ्या विचारलं. ‘ताई’ गेली होती आणि ‘तुमी’ही गेलं होतं. “वैजाचा फोन आलता का? का आमच्या ह्यांनी सांगितलं? खरं बोल.”

“काय सांगितलं, मावशी?”

“माझ्या भावाला लग्नात घालायचं! समद्या भावकीसमोर टीव्ही लावला मी. बायका मनायल्या, अगं हा बग वैजीनाथ, आलता की. मी मनले, कुठला आलाय, कंप्युटरवर केलंय ते. आमचा सासरा न्हाई का आला ढगातून? तसाच हा आला. हसल्या समद्या. ज्याची हाक कापायला सांगितली त्यालाच रडताना आणून बसवलंस, तुला काय जनाची न्हाई…”

मंजुषाच्या लक्षात आलं. तो उन्हातला माणूस! ज्याला तिनं नवरदेवाचा कुणी चुलता समजून सनई वाजवली, तो नवरीचा मामा होता. आणि आता ती काय सांगणार, की हा खरा आहे? त्याच्या मागोमाग तिनंच एका मेलेल्या माणसाला हात हलवायला लावला होता. आपल्या हातच्या सफाईचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

“मावशी, सासऱ्यांचं मी केलंय. हे नाही केलं. देवाशपथ ते तिथं उभे होते.”

“देवाला कशाला मध्ये आणायलीस?” दैवशालाबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मऊ पडला होता. “आला असता तर मला दिसला नसता का?”

मूळ शूटिंग अजून कंप्युटरमध्ये होती. घरच्यांनी ठीक आहे म्हणेपर्यंत पुसायची नाही, हा तिचा स्वतःचाच नियम या वेळी तिच्या कामी आला. दुसरा नियम मात्र आड येत होता. तिनं खोलीकडं पाहिलं, आपल्या एकट्या खुर्चीकडं पाहिलं आणि सासूबाईंना हाक मारणार तोच आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तानुबाईंनी पोतं कधीच उतरवलं होतं. त्यांनी खुर्ची ओढत आणली, पदरानं पुसली आणि मंजुषाच्या मागे, तिच्या जुन्या जागी ठेवली. काय बोलायचं ते त्यांनी नजरेनंच बोलून घेतलं.

दैवशालाबाई अवघडून बसल्या. मंजुषानं अक्षतांच्या थोडं आधीपासून लावलं, कापलेल्या भागापासून. आता त्यात सनई नव्हती. नुसता मांडवातला गोंगाट होता, जनरेटरची घरघर, कुणाचं तरी रडणारं मूल आणि माईकवरचा भटजींचा आवाज.

“मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं.”

कॅमेरा गर्दीवरून फिरला. डाव्या बाजूला दैवशालाबाई स्वतःच दिसत होत्या, नव्या लुगड्यात, घोगऱ्या गळ्यानं कुणाला तरी काही सांगताना. आणि त्यांच्या पाठीमागं, पार लांब, कनातीच्या कडेला तो उभा होता. बगलेत कापडाची पिशवी.

“वैजा,” खुर्चीतून आवाज आला.

“मुलीच्या मामांनी लवकर पुढं यावं. वेळ झालेली आहे.”

वैजीनाथ खाली वाकला. त्यानं पायांतल्या चपला काढल्या, एकीला एक लावून बाजूला ठेवल्या. डोक्यावरून हात फिरवला. पिशवी बगलेतून काढून दोन्ही हातांत धरली. कनातीखाली एक पाय टाकायला म्हणून उचलला आणि मान वर करून त्यानं मांडवात बघितलं, नेमकं बहिणीकडं.

बहिणीची त्याच्याकडं पाठ होती. ती हात उडवून दिराला म्हणत होती, आणि कॅमेऱ्याजवळच असल्यामुळं शब्द स्वच्छ ऐकू येत होते: “भावजी, तुमीच व्हा बरं पुढं. कुनाची वाट बगायलात? कुनी येत न्हाई माझ्या माहेरचं.”

किशनराव उठले. लोक त्यांच्याकडं वळले, कॅमेराही वळायला लागला. कडेला जाता जाता तेवढं एक दिसलं की वैजीनाथनं उचललेला पाय मागे घेतला आणि तो अनवाणी तसाच उन्हात उभा राहिला.

मंजुषानं थांबवलं. तिनं मागे वळून बघितलं नाही. मागे बसणाऱ्यांशी कसं वागायचं, याचा एकही सल्ला तिला आठवला नाही.

“परत लाव,” दैवशालाबाई म्हणाल्या.

तिनं परत लावलं. या वेळी चपला काढताना बाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पोराला ठेच लागलेली बघून आईच्या तोंडून निघतो तसा.

“त्यो माझाच आवाज हाय का?”

“होय, मावशी.”

“मीच मनले का तसं?”

तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच खाली बसल्या. थोड्या वेळानं दैवशालाबाई बोलायला लागल्या, कंप्युटरकडं बघतच. गेल्या साली त्या भावाला रागात बोलल्या होत्या ते काय, हे त्यांनी त्या दिवशी ओट्यावर सांगितलं नव्हतं. गंगाखेडच्या स्टँडवर, चार माणसांत, त्या त्याला म्हणाल्या होत्या की ‘तू मला मेलास, माझ्या लेकीच्या मांडवात पाय टाकू नकोस.’

“आन् त्यानं टाकला न्हाई बग,” त्या म्हणाल्या. “ल्हानपनापासून तसाच येडा हाय. म्या मनावं हितं बस, की दिवस बुडेस्तोवर तितंच बसायचा. मी हाक मारायची वाट बगायला होता गं त्यो. भटजीची हाक त्याला माझीच वाटली.”

मग त्या रडल्या. मंजुषाही रडली आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही. रडणाऱ्या चेहऱ्यांच्या मागे ती इतकी वर्षं लागली होती, सनई लावून ते विकत होती. तो चेहरा कुणाचा, तो का रडतोय, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. ओट्यावर बसवलेल्या या बाईला त्या दिवशी आत बोलावलं असतं, एकदाच ही खुर्ची दिली असती, तर तेव्हाच हे कळलं असतं.

डोळे पुसून दैवशालाबाई पुढं सरकल्या. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, किशनरावांच्या फेट्यावर. “ह्यांला काढून वैजाला हितं उभं करता येतंय का? तुला येत असंल. सासऱ्याला आणलंस की.”

येत होतं. मंजुषाला चांगलंच येत होतं. तिनं मनातल्या मनात हिशेबही केला, कुठला चेहरा घ्यायचा, सावली कुठून पाडायची. या बाईसाठी ती काहीही करायला तयार होती. पण तिनं खुर्ची वळवली.

“येतं, मावशी. पण मग लोक म्हणतील तेच, जे तुम्ही मघाशी दारात म्हणालात. आणि मामांना स्वतःला काय वाटेल? त्यांना तर माहीत आहे ते कुठं उभे होते.”

दैवशालाबाईंनी काचेवरचं बोट काढलं.

“मग आसू दे हाय तसं,” त्या म्हणाल्या. “भटजीची हाक कापली ती परत घाल. माझं ते बोलनं बी घाल.”

“तुमचं बोलणं? पोरीच्या सासरी बघतील सगळे.”

“बगू दे. आन् ते ढगातलं काढून टाक. त्याच्यापायी खऱ्याला बी खोटं मनले मी.”

“सासरे रागावतील,” दारातून तानुबाई म्हणाल्या.

“त्ये जित्तेपणीबी रागवायचेच,” दैवशालाबाई म्हणाल्या, आणि तिघीही रडता रडता हसल्या.

त्या एसटीला गेल्या तेव्हा दसरा तोंडावर आला होता. मंजुषानं पिक्चर सुधारला आणि ठेवून दिला. त्यांनी सांगितलं होतं की मी कळवल्याबिगर कुणाला देऊ नको. ती रोज फोन बघायची. भावाकडं गेल्या असतील का? टोळी निघून गेली तर पुढल्या उन्हाळ्यापर्यंत भेट नाही. विचारावं असं तिला अनेकदा वाटलं, पण असल्या गोष्टीत तिऱ्हाइतानं नाक खुपसायचं नसतं म्हणून ती गप्प राहिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दैवशालाबाईंच्या फोनवरून एक व्हिडिओ आला. आडवा-तिडवा धरलेला, अर्ध्या चित्रावर अंगठा. राणीसावरगावचं घर, दाराला झेंडूचं तोरण आणि दाराबाहेर वैजीनाथ, बगलेत तीच कापडाची पिशवी. भाचीची साडी असणार त्यात, मे महिन्यापासून तशीच. तो दारातच घुटमळत होता. मग फोन धरणाऱ्या बाईचा आवाज आला, मुद्दाम भटजींसारखा लांबवलेला, आणि मध्येच चिरकलेला:

“मुलीच्या मामांनी… आत यावं.”

वैजीनाथ खाली वाकला, चपला काढल्या, एकीला एक लावून बाजूला ठेवल्या. उंबऱ्याच्या आत पाय टाकला. पुढचं चित्र नुसतं जमिनीचं होतं, कारण फोन धरणारा हात आता भावाच्या गळ्यात होता.

त्याखाली आवाजात निरोप होता. “हे शेवटाला जोड, पोरी.”

मंजुषानं शेवटाला जोडून बघितलं. तिथं ते बरं दिसत होतं. मग तिनं ते उचललं आणि मांडवात नेलं, जिथं भटजी दुसऱ्यांदा हाक मारतात, बाई हात उडवते, आणि वैजीनाथ उचललेला पाय मागे घेतो. त्याच्याच पुढं तिनं हे दार लावलं, हे तोरण, ही बहिणीची हाक. कुणालाही फसवायचा प्रश्न नव्हता. आंधळ्यालाही दिसलं असतं की मांडव वेगळा आणि घर वेगळं, ऊन वेगळं आणि दिवस वेगळा. पण वैशाखात उचललेला पाय आश्विनात खाली टेकला. त्यानंतर तिनं अक्षता पडू दिल्या. सनई काढून टाकली, संथ केलेली चाल सरळ केली, अंगठाही तसाच ठेवला.

तिनं ते राणीसावरगावला पाठवलं आणि त्याच हातानं ग्रुपातल्या पोरांसाठी निरोप बोलायला घेतला. खुर्चीचं मी चुकीचं सांगितलं होतं, ती म्हणाली. कापायला बसायच्या आधी एकदा घरच्यांना मागे बसवा, सगळी मूळ शूटिंग दाखवा आणि कोण कोण आहे ते विचारून घ्या. मग त्यांना चहा पाजून घरी पाठवा आणि दार लावून घ्या. मानवतच्या पोरानं लगेच विचारलं की ताई, आणि घोरायला लागले तर? तिनं सांगितलं, घोरू दे.

दसरा झाल्यावर दैवशालाबाईंचा निरोप आला. मागे ट्रकची घरघर होती, भांड्यांचा खडखडाट होता आणि कुणीतरी पुरुष मोठ्यानं म्हणत होता, “आक्के, माझी पिशवी तुज्याकडंच ऱ्हायली का?” म्हणजे टोळी एकच होती.

“बघितला आमी समद्यांनी,” त्या ओरडून सांगत होत्या. “लय झाक झालाय. राजेश्रीच्या सासरी बी दे आता. करेक्शन एकच हाय बग. त्यो चपला काढायलाय ना, दारात, तितं लय लवकर जायलंय. तितं जरा थांबीव.”

मंजुषानं कंप्युटर चालू केला. मागच्या खुर्चीत तानुबाई वाती वळत बसल्या होत्या. तिनं ते चित्र शोधलं, वाकलेला माणूस आणि एकीला एक लावलेल्या दोन चपला, आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला.